रक्त पायापर्यंत पोहोचतं, अडतं ते परतताना: पन्नाशीनंतर नडगी-घोट्याच्या त्वचेची निगा

संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा वळ उमटलेला दिसतो. तरुणपणी तो पाच-दहा मिनिटांत जातो. पन्नाशी-साठीत रात्रीची जेवणं आटोपली तरी तसाच असतो, आणि बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. याच सुमारास नडगीवरची त्वचा चकचकीत, कोरडी, खाजरी होते आणि घोट्याच्या आतल्या अंगाला तपकिरी डाग धरू लागतो. मग क्रीम बदलून पाहिलं जातं. क्रीम गरजेचंच आहे, पण त्याचा नंबर शेवटचा. पाऊल गार नसेल आणि नाडी लागत असेल, तर त्वचेपर्यंत रक्त बहुतेक व्यवस्थित येत असतं. ते वर परतत नाही, तिथे गाडी अडते.

वरच्या पापुद्र्यात रक्तवाहिन्या नसतातच. त्याचं पोषण खालच्या थरातल्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या वेटोळ्यांवर चालतं. वयाबरोबर ही वेटोळी कमी होतात आणि दोन थरांमधली नागमोडी सांधणी सपाट होत जाते. त्यामुळे कातडी पातळ होते, सहज सोलवटते आणि जखम भरायला वेळ लागतो. हे चेहऱ्यावरही होतं. घोट्याची अडचण अशी की तो हृदयापासून सगळ्यात लांब आणि सगळ्यात खाली. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. चालायला लागलं की तो २०-३० पर्यंत उतरतो, कारण पोटरीचा स्नायू आवळताना शीर पिळून रक्त वर ढकलतो आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत.

झडपा म्हणजे काय ते हातावर पाहता येतं. कोपराच्या खाली, आतल्या बाजूची फुगलेली शीर निवडा. मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे निपटत न्या आणि हे दुसरं बोट उचला. मधे झडप असेल तर शीर रिकामीच राहते. पहिलं बोट सोडलं की भरते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली छापलेल्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसह दाखवला होता. पायातल्या झडपा सैल झाल्या की हा एकेरी रस्ता दुहेरी होतो, दाब उतरत नाही, पाणी आणि तांबड्या पेशी ऊतींमध्ये झिरपतात. तो तपकिरी डाग त्याच पेशींमधल्या लोहाचा असतो. घासून जात नाही, म्हणून घासू नका.

आधी ओळखा: यायला अडचण की जायला?

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. जायला अडचण असेल तर पाय वर ठेवल्याने बरं वाटतं. यायला अडचण असेल, म्हणजे धमन्या अरुंद झाल्या असतील, तर पाय वर केल्याने दुखतं आणि घट्ट मोजा बोटं गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

सूज: घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून ठेवा आणि उचला. खड्डा राहिला का, किती वेळ राहिला, ते दोन्ही पायांवर पाहा. मग शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर मोजा, आणि घोट्याच्या लगेच वरचा सगळ्यात बारीक घेर मोजा. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी, असं तीन दिवस. आकडे वहीत लिहा. नंतर कामी येतात.

नाडी: पावलाच्या पाठीवर अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून वर सरकत या, मध्यावर ठोका लागतो. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध यांच्या मधे. हलकंच टेकवा, दाबलं की नाडी बंद पडते आणि स्वतःच्याच बोटाचे ठोके मोजले जातात. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांनाही लागत नाही, पण दोन्ही जागी काहीच लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

नख: आडवं पडून अंगठ्याचं नख ५ सेकंद दाबा आणि सोडा. रंग २-३ सेकंदांत परत यायला हवा. नेलपॉलिश आणि मेंदी असेल तर ही तपासणी फसते, गार फरशीवरून आल्यावरही फसते.

तळवा: उताणं पडून कुणाला तरी दोन्ही पाय दीड-दोन मिनिटं तिरपे वर धरायला सांगा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर नडगीचा रंग कळत नाही, म्हणून तळवे पाहायचे. ते पांढरेफटक पडले आणि खाली लोंबकळवल्यावर सावकाश लालजांभळे झाले, तर रक्त यायलाच अडचण आहे. सोबत पाऊल गार असतं, नडगीवरचे केस गेलेले असतात, ठराविक अंतर चाललं की पोटरी धरते आणि थांबलं की सुटते.

अशी शंका आली तर घोटा आणि दंड इथल्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढून घ्या. ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या डॉपलरच्या छोट्या यंत्राने होणारी, न टोचता केली जाणारी तपासणी आहे. १.० ते १.४ ठीक, ०.९ किंवा खाली म्हणजे धमन्यांचा आजार. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटा जास्त येऊ शकतो. १.४ च्या वर गेला की खूश व्हायचं नाही, पायाच्या बोटातला दाब मोजायला सांगायचं.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर आधी गोळ्यांची पाकिटं काढून बघा. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन घोटे सुजवते. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. डोस कमी करणं किंवा दुसरी गोळी देणं हे त्यांचं काम. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या तक्रारीतही दोन्ही पाय सुजतात. तिथे खालचं काहीच पुरेसं नाही.

पोटरीला कामाला लावणं

परतीच्या वाटेवरचा पंप पोटरीत आहे आणि तो घोटा हलल्याशिवाय चालत नाही. ओट्याशी तासभर उभं राहणं, दुकानात गल्ल्यामागे उभं राहणं, लोकलमध्ये दांडी धरून उभं राहणं, या सगळ्यात पाय थकतात पण पंप बंदच असतो. "मी दिवसभर उभीच असते, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी पडतो.

१. सकाळी अंथरुणातच पावलं पूर्ण वर आणि पूर्ण खाली, २० वेळा, एका फेरीला दोन सेकंद. अर्धवट हलवलं तर बोटंच नाचतात, पोटरी आवळत नाही. पोटरीवर हात ठेवून खात्री करा.

२. ओट्याच्या कडेला फक्त बोटं टेकवून उभं राहा. दोन सेकंदांत टाचा वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १० चे तीन संच, मधे मिनिटभर विश्रांती. दर आठवड्याला दोन-तीन वाढवत २० पर्यंत न्या, मग एकेका पायावर. चुका ठरलेल्या असतात: उसळी मारणं, घोटे बाहेर कलणं, श्वास कोंडणं. खाली येताना घाई केली तर अर्धा फायदा गेला. तोल जात असेल तर हाताशी भिंत असलेल्या कोपऱ्यात करा.

३. हाच व्यायाम खुर्चीत बसून, गुडघ्यावर हात किंवा दोन-तीन किलोची पिशवी ठेवून. गुडघा वाकवला की पोटरीचा आतला, रुंद स्नायू जास्त काम करतो आणि शिरा पिळण्यात त्याचा वाटा मोठा. गुडघेदुखीवाल्यांना हाच प्रकार झेपतो.

४. चालणं: आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. टाच आधी टेकवा, अंगठ्याने ढकला. मागे पट्टा नसलेल्या चपलेत हे जमत नाही. ती पडू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि घोटा ताठ राहतो. मागून बंद सँडल किंवा बूट घ्या.

५. एका जागी ४० मिनिटांहून जास्त बसणं-उभं राहणं झालं की दोन मिनिटं हालचाल. एसटीत किंवा विमानात उठता येत नसेल तर पहिला प्रकार बसल्या जागी.

घोटा मुळातच आखडलेला असेल तर पंपाचा दांडा अर्ध्यातच अडकतो. तपासायला भिंतीसमोर उभं राहून पाऊल मागे सरकवत जा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठा आणि भिंत यांत दहाएक सेंटिमीटर अंतर जमायला हवं. चार बोटंही जमत नसतील तर रोज दोनदा, अर्धा-अर्धा मिनिट पोटरी ताणा. उकिडवं बसायची सवय मोडल्यापासून हे दुखणं घरोघर दिसतं.

यायला अडचण असलेल्यांनाही चालणंच सांगतात, पण रीत वेगळी. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. विश्रांती धरून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. मात्र डॉक्टरांनी हृदय तपासल्यावर.

पाय वर ठेवणं, पण खरंच वर

टीव्हीसमोर स्टुलावर पाय ठेवले तर टाचा हृदयाच्या खालीच राहतात. आराम वाटतो, सूज फारशी उतरत नाही. पलंगावर आडवं पडून पोटरीखाली घडी केलेली गादी किंवा दोन लोड घ्या, घोटे छातीहून वर, गुडघे किंचित वाकलेले. २० ते ३० मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याखाली १० ते १५ सेंटिमीटर उंचीचे ठोकळे चालतात. आडवं पडल्यावर धाप लागणाऱ्यांनी यातलं काही करू नये.

दाबाचे मोजे

कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज सर्जिकल दुकानात सहज मिळतात, म्हणून अंदाजाने घेतल्या जातात आणि महिन्याभरात कपाटात जातात. नाड्या नीट लागतात याची खात्री झाल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. खोक्यावरचा 'क्लास' पाहून भागत नाही: ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४ मिलिमीटर पारा इतका दाब, युरोपीय पद्धतीत तोच २३ ते ३२. आकडा वाचा. नुसती संध्याकाळची सूज आणि जडपणा असेल तर १५ ते २० पुरतात. डाग, एक्झिमा (खाजरं पुरळ), भरून आलेली जखम असेल तर त्याहून जास्त दाब लागतो आणि तो डॉक्टर ठरवतात.

माप सकाळी, सूज चढायच्या आत: घोट्याचा बारीक घेर, पोटरीचा जाड घेर, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंत उंची. दुकानदाराने संध्याकाळी पँटवरून माप घेतलं तर नको म्हणा. सुजलेल्या पायाच्या मापाचा मोजा दुसऱ्या सकाळी सैल असतो.

घालायची रीत: पाय पूर्ण कोरडा. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, बोटं आणि पाऊल आत सरकवा, टाचेचा कप्पा टाचेवरच बसला ना ते पाहा, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळहाताने थोडा थोडा वर चढवा. वरून धरून ओढला की पोटरीवर जास्त आणि घोट्यावर कमी कापड जातं, दाब उलटा पडतो. गुडघ्याखाली दोन बोटं जागा सोडा. काठ दुमडायचा नाही. दुमडलेला काठ म्हणजे आवळलेली दोरी. जोडवी घालत असाल तर पुढून उघडा प्रकार घ्या. आणि सूज असताना जोडवी, पैंजण रुतत असतील तर ती काढून ठेवा, निदान सूज आटोक्यात येईपर्यंत. अडकलेलं जोडवं शेवटी कापून काढावं लागतं.

सकाळी उठून घालायचा, रात्री झोपताना काढायचा. रोज सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, दोन जोड आलटून पालटून वापरा. सहाएक महिन्यांत लवचिकपणा जातो, मग तो नुसता महाग मोजा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हे सोसत नाही, खरंच आहे. नुसती संध्याकाळची सूज असेल तर सकाळचे पाच-सहा तास, कामाच्या वेळी घातला तरी न घालण्यापेक्षा बरं. बोटं बधिर झाली, निळसर पडली, दुखू लागली की लगेच काढा. घरच्या क्रेप बँडेजचे वेढे पर्याय म्हणून नकोत. एक वेढा घट्ट, दुसरा ढिला असं होतं आणि मधे सूज फुगते.

आता त्वचा

आंघोळीचं पाणी कोमट, वेळ पाच-दहा मिनिटं. नडगीला रोज साबण लागत नाही. टिपून कोरडं करा आणि तीन मिनिटांत, कातडी दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा.

किती लावायचं, इथे बहुतेकांचं चुकतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अशा तीन रेघा, पावलाला दोन. दोन्ही पायांना मिळून दहा, म्हणजे ५ ग्रॅम. दिवसातून दोनदा १० ग्रॅम. शंभर ग्रॅमची नळी दहा दिवसांत संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल तर क्रीम वाईट नाही, ते लागलंच नाहीये. महागडी छोटी डबी जपून वापरण्यापेक्षा साधं, बिनवासाचं मोठं पॅक घ्या. नडगीला ५ ते १० टक्के युरियाचं. कातडी चिरलेली असेल तर युरिया झोंबतो, तिथे साधी व्हॅसलीन. केसांच्या दिशेने, वरून खाली लावा, म्हणजे केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येत नाहीत. व्हॅसलीनसारखं पॅराफिन कपड्यांत मुरतं आणि कपडा पटकन पेट घेतो. गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्याजवळ साडीचा किंवा गाऊनचा घेर सांभाळा.

बोटांच्या बेचक्यांत काही लावायचं नाही. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, आणि चिखल्यांच्या चिरेतून शिरलेले जंतू अख्खी पोटरी लालबुंद, गरम करून सोडतात.

टाचेच्या भेगांना कोकणातलं कोकमतेल, म्हणजे भिरंडेल, खरोखर चांगलं. ते गार असताना घट्ट असतं, म्हणून भेगेत बसून राहतं. रात्री दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात, पुसून वजरीचे दहा-पंधरा हलके हात, मग तेल चमच्यात पातळ करून, बोटाला कोमट लागेल इतपत झाल्यावर भेगेत भरायचं आणि सुती मोजे. जाड कातडीला २० ते २५ टक्के युरिया. मधुमेहींनी पाय भिजवणं, वजरी, ब्लेड यातलं काहीच करू नये. त्यांना अनेकदा जखम झालेली कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. गरम पाण्याची पिशवीही त्यांच्यासाठी नाही. पाय गार पडत असतील तर लोकरी मोजे.

काशाच्या वाटीने तळवे घासल्यावर सुख वाटतं, झोप चांगली लागते, करायला हरकत नाही. तळवा काळा होतो तो मात्र शरीरातली उष्णता किंवा विष निघाल्यामुळे नाही. तेल आणि धातू एकमेकांवर घासल्याची ती काजळी. वाटी निर्जीव वस्तूवर तेल घालून घासली तरी येते. पोटरीला मालीश करायची तर हलक्या हाताने, घोट्याकडून गुडघ्याकडे. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर हात लावायचा नाही: आत गुठळी असू शकते.

बामने पाय गरम वाटतो. कापूर आणि मेंथॉल संवेदना चाळवतात, शिरांमधला दाब हलत नाही. खाजऱ्या नडगीवर त्यांनी पुरळ मात्र उठतं. त्याहून वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून 'खाजेचं क्रीम' म्हणून मिळणारी, तीन औषधं एकत्र असलेली नळी. त्यातलं तीव्र स्टेरॉइड दोन दिवसांत खाज थांबवतं आणि महिन्या-दोन महिन्यांत आधीच पातळ असलेली कातडी कागदासारखी करतं. घोट्याजवळची खाज गजकर्ण नसून साचलेल्या रक्ताचा एक्झिमा असतो असं बऱ्याचदा निघतं. त्वचारोगतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय नळी उघडू नका.

तंबाखूबद्दल थोडकंच. निकोटिन कातडीतल्या बारीक वाहिन्या आवळतं, आणि मशेरीतही तंबाखूच असते. दात घासायला म्हणून दिवसातून चारदा मशेरी लावणाऱ्या बाईला "व्यसन आहे का?" असं विचारलं तर ती नाही म्हणते. तिला "मशेरी लावता का?" असंच विचारावं लागतं.

खाण्यात मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, पापड-लोणचं-फरसाण धरून. जेवणात रोज डाळ-उसळ, दही, अंडी किंवा मासळी. प्रथिनं कमी पडली की जखम भरत नाही. आवळा, पेरू, लिंबू चालू ठेवा.

लगेच डॉक्टर गाठायचे ते कधी

एकाच पायाला अचानक सूज, दुखणं, उष्णता. दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटर किंवा जास्त फरक: त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर १०८. पाऊल एकाएकी गार, फिकट, बधिर आणि असह्य दुखणारं: तासांचा प्रश्न आहे, थेट मोठं रुग्णालय. ताप आणि पसरत जाणारी लाली: त्याच दिवशी. फुगलेली शीर खरचटून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरून उभं राहू नका. आडवं पडा, पाय वर घ्या, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबा, मधे उचलून बघू नका.

घोट्यावरची जखम दोन आठवड्यांत भरायला लागली नाही, तर नुसतं ड्रेसिंग बदलत राहू नये. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवावं. मधुमेहींनी दोन आठवडेही थांबायचं नाही. जाताना ती घेराची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जखमेचा दर आठवड्याला एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो सोबत न्या.